म्हैसूरची ‘आकाशवाणी’ व तिचे जनक डॉ. गोपालस्वामी

१

‘आकाशवाणी’ हें नांव आज हिंदुस्थानांत लहानथोर सर्वांच्या तोंडीं आहे. मध्यवर्ती सरकारनें १९५७ सालीं आपल्या नभोवाणी-खात्यास हें नांव दिलें. आणि २०२३ सालीं प्रसारभारतीनें ‘ऑल इंडिया रेडिओ’ हें जुनें इंग्रजी नांव बाजूस सारून सर्व व्यवहारांत हेंच एक नांव चालविण्याचें ठरविलें. जें नांव राजमुद्रेप्रमाणें सर्वत्र उमटतें त्याचा उगम मात्र कोणत्याहि सरकारी कचेरींत झालेला नाहीं. तो म्हैसूर शहरांतील एका प्राध्यापकाच्या राहत्या घरांत झाला. त्या घराचें नांव ‘विठ्ठल विहार’ आणि त्या प्राध्यापकांचें नांव डॉ. एम. व्ही. गोपालस्वामी.

या गृहस्थांविषयीं आज जें लिहिलें जातें त्यांत तीन गोष्टींची गल्लत आढळते. कोणी त्यांचें केंद्र हिंदुस्थानांतील पहिलें खासगी केंद्र म्हणून सांगतात. कोणी त्याचा आरंभ १९३५ सालीं तर कोणी १९३६ सालीं धरतात. आणि ‘आकाशवाणी’ या नांवाचें श्रेय तर निरनिराळ्या तीन थोर पुरुषांमध्यें वांटलें गेलें आहे. या तिन्ही गोष्टींचा निर्णय करून गोपालस्वामींच्या कार्याचें खरें माप काय, हें प्रस्तुत लेखांत दाखविण्याचा आमचा हेतु आहे. विषय अर्वाचीन असला तरी त्याला लावावयाची कसोटी आपल्या मंडळींच्या नित्य परिचयाची, म्हणजे कालनिर्णयाची व साक्षीपुराव्याचीच आहे.

२

प्रथम पूर्वपीठिका पाहूं. आपल्याकडे बिनतारी यंत्रानें गाणें ऐकविण्याचा एक पहिला प्रयोग १९२१ च्या ऑगस्ट महिन्यांत झाला, आणि त्याचा संबंध मुंबई व पुणें या दोन्ही शहरांशीं आहे. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या इच्छेवरून ‘टाइम्स ऑफ इंडिया’ पत्रानें टपाल व तार खात्याच्या साहाय्यानें आपल्या मुंबईच्या कचेरींतून संगीताचा कार्यक्रम प्रक्षेपित केला, व गव्हर्नरसाहेबांनीं तो पुण्यास बसून ऐकला. हा झाला एक दिवसाचा चमत्कार. पुढें १९२३ सालीं मुंबईस व कलकत्त्यास हौशी लोकांचे रेडिओ-क्लब निघाले आणि त्यांनीं लहान प्रमाणावर ध्वनिक्षेपण सुरू केलें.

मद्रासेची हकीकत आमच्या विषयास अधिक जवळची आहे. तेथें सी. व्ही. कृष्णस्वामी चेट्टी यांनीं पुढाकार घेऊन १६ मे १९२४ रोजीं ‘मद्रास प्रेसिडेन्सी रेडिओ क्लब’ स्थापन केला, आणि त्याच वर्षीच्या ३१ जुलैस त्याचें ध्वनिक्षेपण सुरू झालें. पैशाच्या ओढीमुळें हा क्लब ऑक्टोबर १९२७ मध्यें बंद पडला. परंतु बंद पडतांना त्यानें आपलें यंत्र विकून टाकलें नाहीं, तर तें मद्रास शहराच्या कॉर्पोरेशनच्या स्वाधीन केलें; आणि कॉर्पोरेशननें १ एप्रिल १९३० पासून आपलें नियमित केंद्र चालविलें. नळ, दिवाबत्ती व रस्ते यांच्या जोडीस गायन व शाळांसाठीं पाठ हीं देखील नागरिकांना पुरविण्याचें काम एका नगरसंस्थेनें अंगावर घेतलें, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. सरकारचें मद्रास केंद्र १६ जून १९३८ रोजीं उघडेपर्यंत हा क्रम चालू होता.

याच काळांत मोठ्या भांडवलाची कंपनी काय करीत होती तेंहि पाहावें. ‘इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी’चें मुंबई केंद्र २३ जुलै १९२७ रोजीं लॉर्ड आयर्विन यांच्या हस्तें उघडलें, व कलकत्त्याचें २६ ऑगस्ट रोजीं. कंपनीचें मंजूर भांडवल १५ लक्ष रुपयांचें, पण प्रत्यक्ष जमलें ६ लक्ष. आणि त्यांतील साडेचार लक्ष रुपये दोन केंद्रें उभारण्यांतच खर्च झाले. श्रोत्यांच्या परवान्याची वार्षिक फी १० रुपये असे व त्यांतील ८ रुपये कंपनीस मिळत. परंतु परवानेच इतके थोडे निघाले कीं १ मार्च १९३० रोजीं कंपनीस दिवाळें काढावें लागलें. १ एप्रिल १९३० पासून सरकारनें तीं केंद्रें आपल्याकडे घेतलीं. त्याच तारखेस मद्रासचें कॉर्पोरेशन आपलें केंद्र सुरू करीत होतें. पुढें सरकारचाहि धीर सुटला. १० ऑक्टोबर १९३१ रोजीं हें खातें बंद करण्याचा हुकूम सुटला, नोव्हेंबरांत तो मागें घेतला गेला, आणि खातें कायम ठेवण्याचा निश्चय व्हावयास ५ मे १९३२ ही तारीख उजाडावी लागली.

या हकीकतीवरून दोन गोष्टी सिद्ध होतात. पहिली ही कीं, १९३५ सालच्या म्हैसूर केंद्रास ‘हिंदुस्थानांतील पहिलें खासगी केंद्र’ म्हणणें बरोबर नाहीं. मुंबई, कलकत्ता व मद्रास येथील क्लब त्याच्या दहाबारा वर्षें आधींचे आहेत. गोपालस्वामींचा मोठेपणा इतका अस्सल आहे कीं त्यास असल्या उसन्या अलंकाराची जरूर नाहीं. दुसरी गोष्ट ही कीं, जें काम लक्षावधि रुपयांच्या कंपनीस झेपलें नाहीं व ज्याविषयीं सरकार स्वतः डळमळत होतें, तें काम एका पगारदार अध्यापकानें त्यानंतर तीनच वर्षांनीं अंगावर घेतलें. त्या धाडसाचें माप या पार्श्वभूमीवरच कळतें.

३

गोपालस्वामी हे व्यवसायानें यंत्रशास्त्रज्ञ नव्हते. ते मानसशास्त्राचे प्राध्यापक होते. लंडन विद्यापीठांत त्यांनीं प्रख्यात मानसशास्त्रज्ञ चार्ल्स स्पीअरमन यांच्या हाताखालीं अध्ययन केलें. १९१६ सालीं स्थापन झालेल्या म्हैसूर विद्यापीठांत १९२४ सालीं मानसशास्त्राचा विभाग सुरू झाला, त्याचे ते प्रमुख झाले. या शास्त्राचें अध्यापन हिंदुस्थानांत कलकत्त्यास १९१६ पासून चालू होतें. त्याच्या पाठोपाठ म्हैसूरचें नांव येतें. तेथें त्यांनीं प्रयोगशाळा उभारली, व प्राण्यांवरील प्रयोगांची सोय करणाऱ्या आपल्या देशांतील अगदीं पहिल्या मानसशास्त्रीय शाळांत तिची गणना होते. पुढें महाराजा कॉलेजच्या प्राचार्यपदावरहि त्यांनीं काम केलें.

मानसशास्त्राचा प्राध्यापक ध्वनिक्षेपणाकडे कसा वळला, असा प्रश्न वाचकांच्या मनांत येईल. आमच्या मतें हें वळण मुळींच विचित्र नाहीं. स्पीअरमन यांच्या संप्रदायांतील मानसशास्त्र हें केवळ ग्रंथांचें शास्त्र नव्हे. त्यांत मोजमाप आहे, यंत्रें आहेत, कान व डोळा यांच्या शक्तीची परीक्षा आहे. अशा प्रयोगशाळेंत ज्याचें आयुष्य गेलें त्याला विजेच्या उपकरणांचें भय वाटत नाहीं. शिवाय एकाच वेळीं सहस्रावधि कानांपर्यंत एक शब्द पोंचविणारें साधन हें मनाच्या अभ्यासकास मोह घालणारेंच आहे.

स्थळहि अनुकूल होतें. म्हैसूर संस्थानानें शिवसमुद्रम् येथें १९०२ सालीं जलविद्युत् उत्पन्न केली, व १९०५ सालीं बंगळूरचे रस्ते विजेनें उजळले. गादीवर चौथे कृष्णराज वडियार होते व दिवाणगिरीवर सर मिर्झा इस्माइल. कृष्णराजांचें संगीतप्रेम प्रसिद्ध आहे. वीणेसाठीं व गायनासाठीं नांवाजलेले दरबारी कलावंत त्या एका शहरांत नांदत होते. विद्यापीठ, वीज व दरबार या तिहींचा असा संगम मुंबई-कलकत्त्यांसारख्या राजधान्यांच्या बाहेर त्या काळीं क्वचितच सांपडेल.

४

केंद्राचा आरंभ १० सप्टेंबर १९३५ रोजीं झाला. कांहीं लेखांत १९३६ सालचा उल्लेख आढळतो. परंतु म्हैसूर केंद्राची स्वतःची परंपरा दिवस, महिना व वर्ष या तिन्ही अंगांनीं पूर्ण अशी वरील तारीख सांगते. नुसतें वर्ष देणाऱ्या उल्लेखापेक्षां पूर्ण तिथि देणारा उल्लेख, बाधक पुरावा नसतां, अधिक ग्राह्य मानावा, हा आपला नेहमींचा नियम येथेंहि लावला पाहिजे. १९३६ हें साल मागाहून कसें शिरलें असावें याची उपपत्तीहि सुचते. त्या वर्षीच्या ८ जून रोजीं सरकारी खात्याचें ‘ऑल इंडिया रेडिओ’ असें नामांतर झालें. दोन नांवांच्या जन्मकथा एकत्र सांगतां सांगतां दोन्हींचीं सालें एक झालीं असावींत.

यंत्र होतें अवघें ३० वॅट शक्तीचें. घरांत टांगलेल्या विजेच्या साध्या दिव्यास देखील यापेक्षां अधिक वीज लागत असे. मुंबई केंद्राची शक्ति दीड किलोवॅट, म्हणजे १५०० वॅट होती. तिचा हा बरोबर पन्नासावा हिस्सा. पुढें २५० वॅटचें यंत्र आलें, तरी तेंहि मुंबईच्या षष्ठांशाएवढेंच. अशा साधनानें सबंध कर्नाटकाला ऐकविण्याची आकांक्षा धरणें व्यर्थ होतें, आणि गोपालस्वामींच्या केंद्राचें स्वरूप प्रथमपासून नागर, म्हणजे त्या शहराचें, त्या शहरापुरतें व त्या शहराच्या भाषेंत बोलणारें असें होतें. आमच्या मतें हेंच त्याचें बळ ठरलें.

पहिला कार्यक्रम कवि कुवेंपु यांच्या काव्यवाचनाचा झाला, अशी परंपरा आहे. कुवेंपु हे १९२९ पासून त्याच महाराजा कॉलेजांत कन्नडचे अध्यापक होते, हें ध्यानांत घेतलें म्हणजे ही परंपरा असंभाव्य वाटत नाहीं. याच कॉलेजांत इतिहास शिकविणारे कन्नड विनोदी लेखक ना. कस्तूरी हेहि केंद्राच्या कामांत गोपालस्वामींचे साहाय्यक होते. म्हणजे ज्या कॉलेजांत दिवसा अध्यापन चाले, त्याच कॉलेजच्या अध्यापकवर्गांतून केंद्रास बोलणारीं माणसें मिळत. एका कॉलेजचे सहकारी आणि एक राहतें घर एवढ्या सामग्रीवर हें केंद्र उभें राहिलें.

खर्चाचा भार प्रथम गोपालस्वामींनीं स्वतः उचलला. मागाहून लोकांच्या देणग्या व म्हैसूर नगरपालिकेची मदत मिळूं लागली. मद्रासेस क्लब मेल्यावर कॉर्पोरेशन पुढें आलें. म्हैसुरास केंद्र जिवंत असतांच नगरपालिकेनें हात दिला, हा भेद महत्त्वाचा आहे. गोपालस्वामींच्या लौकिक कर्तृत्वाची खूण आम्हांस येथें दिसते. यंत्र आणविणारे हौशी गृहस्थ देशांत इतरत्रहि होते. आपल्या हौसेस शहराची गरज करून दाखविणें, आणि नगरपित्यांच्या खर्चांत तिला जागा मिळवून देणें, हें सार्वजनिक पुरुषाचें काम आहे.

५

आतां नांवाच्या प्रश्नाकडे वळूं. ‘आकाशवाणी’ हा शब्द कोणी नवा घडविलेला नाहीं. देवकीचा रथ हांकीत असतां कंसानें ऐकलेली आकाशवाणी आपल्याकडे कीर्तनास जाणाऱ्या पोरासोरांनाहि ठाऊक असते. आणि शाकुंतलाच्या चौथ्या अंकांत कण्व मुनींस अग्निशाळेंत कन्येचें वर्तमान कळतें तेंहि अशाच देहरहित वाणीकडून. बोलणारा दिसत नाहीं, परंतु बोल ऐकूं येतो, हें या शब्दाचें मर्म. आणि नव्या यंत्राचेंहि तेंच मर्म. कन्नडांत ‘बानुली’, तमिळांत ‘वानोली’ व आपल्या मराठींत ‘नभोवाणी’ हे शब्द याच कल्पनेचे सोदर आहेत. म्हणून प्रश्न शब्द कोणीं निर्मिला हा नव्हे. ध्वनिक्षेपण-केंद्राचें नांव म्हणून तो प्रथम कोणीं योजिला, एवढाच आहे.

श्रेयाचे मानकरी तिघे सांगितले जातात: स्वतः गोपालस्वामी, ना. कस्तूरी व कवींद्र रवींद्रनाथ. यांपैकीं रवींद्रनाथांचा पक्ष काळाच्या कसोटीस उतरत नाहीं. त्यांची ‘आकाशवाणी’ ही कविता १९३८ च्या सुमारास, कलकत्ता केंद्राच्या लघुलहरी प्रक्षेपणाच्या निमित्तानें झाली असें सांगतात. म्हैसूर केंद्राचा आरंभ १९३५ चा धरा, वा १९३६ चा, दोन्ही पक्षीं तो कवितेच्या आधींचा ठरतो. तेव्हां कवींद्रांनीं त्या शब्दास वैभव दिलें असेल. नामकरणाचा मान त्यांचा नव्हे. यांत त्यांस उणेपणा नाहीं. मोठ्या नांवाकडे लहानांचें श्रेय आपोआप ओढलें जातें, याचीं उदाहरणें आपल्या अभंगांच्या व बखरींच्या कर्तृत्वनिर्णयांत पावलोपावलीं आढळतात.

उरले गोपालस्वामी व कस्तूरी. या दोघांचे पक्ष परस्परविरोधी आहेत असें आम्हांस वाटत नाहीं. ताम्रपटांत दान देणारा एक असतो, शासनाचा मसुदा रचणारा दुसरा व पत्र्यावर अक्षरें कोरणारा तिसरा. तथापि दान कोणाचें, याविषयीं वाद होत नाहीं. शब्द कस्तूरींनीं सुचविला असेल. ते शब्दांचे कारागीरच होते. परंतु केंद्र ज्याचें, यंत्र ज्याच्या घरीं, आणि तें नांव केंद्रास लावून दररोज उच्चारण्याची जबाबदारी ज्याची, त्याच्याकडे नामकरणाचें कर्तृत्व जातें. सूचना कस्तूरींची व नामकरण गोपालस्वामींचें, असा निर्णय आम्ही देतों.

या नांवाशेजारीं दुसऱ्या नांवाची जन्मकथा ठेवून पाहण्यासारखी आहे. सरकारी खात्याचे नियामक लायोनेल फील्डेन हे ऑगस्ट १९३५ मध्यें, म्हणजे म्हैसूर केंद्र निघण्यापूर्वीं थोडेच दिवस, रुजू झाले. ‘इंडियन स्टेट ब्रॉडकास्टिंग सर्व्हिस’ हें बोजड नांव त्यांस रुचेना. त्यांनीं स्वतःच सांगितल्याप्रमाणें, व्हाइसरॉयांकडील मेजवानीनंतर लॉर्ड लिनलिथगो यांस गांठून, नवें नांव जणूं व्हाइसरॉयांनाच सुचलें असें भासवून, त्यांनीं ‘ऑल इंडिया रेडिओ’ हें नांव मंजूर करून घेतलें. एक नांव व्हाइसरॉयांच्या दिवाणखान्यांत ठरलें, दुसरें त्याच्या काहीं महिने आधीं म्हैसूरच्या एका घरांत. पहिल्याच्या पाठीशीं साम्राज्य होतें, दुसऱ्याच्या पाठीशीं ३० वॅट. २०२३ सालीं त्यांपैकीं कोणतें टिकलें हें वाचकांसमोर आहे.

६

केंद्राचा पुढील इतिहास हस्तांतरांचा आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत म्हैसूर संस्थान-सरकारनें तें आपल्याकडे घेतलें. स्वराज्यानंतर संस्थानें विलीन झालीं, आणि १ एप्रिल १९५० रोजीं म्हैसूर, त्रिवेंद्रम, हैदराबाद व औरंगाबाद हीं संस्थानी केंद्रें मध्यवर्ती सरकारच्या खात्यांत सामील झालीं. यांतील औरंगाबाद हें निजामी राज्यांतील मराठी मुलखाचें केंद्र असल्यामुळें ही तारीख आमच्या वाचकांसहि महत्त्वाची आहे. १९५५ सालीं बंगळुरास नवें केंद्र निघालें, व म्हैसूरचें केंद्र तिकडे नेण्यांत आलें. म्हणजे १९५७ सालीं जेव्हां ‘आकाशवाणी’ हें नांव सर्व देशाच्या खात्यास लागलें, तेव्हां ज्या शहरानें तें दिलें त्या शहरांत केंद्रच नव्हतें. तें पुन्हा उघडावयास १९७४ साल यावें लागलें.

घर, नगरपालिका, संस्थान आणि राष्ट्र अशा चार पायऱ्या या संस्थेनें अवघ्या पंधरा वर्षांत ओलांडल्या. दरेक पायरीवर तिची शक्ति वाढली आणि तिच्यावरील शहराची मालकी कमी झाली. मद्रासचें कॉर्पोरेशनचें केंद्र सरकारी केंद्र येतांच बंद पडलें; म्हैसूरचें बंद पडलें नाहीं, पण त्याचें नागरपण गेलें. १९३५ च्या राज्यघटनेच्या कायद्यांत प्रांतांस व संस्थानांस ध्वनिक्षेपणाचा अधिकार नाकारूं नये अशी तरतूद होती. नगरांचा विचार मात्र कोणीं केला नाहीं. पाणी व दिवे यांप्रमाणें ध्वनिक्षेपण हेंहि नगरसंस्थेचें काम होऊं शकतें, हें मद्रास व म्हैसूर यांनीं प्रत्यक्ष करून दाखविलें होतें. हा धागा तेथेंच तुटला, आणि गोपालस्वामींचें नांव विस्मृतींत जाण्याचें हें एक मुख्य कारण आहे. संस्था ज्याच्या हातीं जाते त्याच्या दप्तरांत तिचा इतिहास त्याच्या हुकुमांपासून सुरू होतो.

७

दुसरें कारण साधनांचें आहे, आणि तें सांगण्यासाठींच मुख्यतः आम्हीं हा लेख लिहिला. शिलालेख उरतो, पोथी उरते, रुमालांत बांधलेला कागद दोनशें वर्षें उरतो. बोललेला शब्द उच्चारतांच नष्ट होतो. मोठ्या केंद्रांचें निदान छापील साधन आहे: १९२७ सालीं कंपनीनें काढलेलें ‘इंडियन रेडिओ टाइम्स’, तेंच १९३५ च्या अखेरीपासून ‘इंडियन लिसनर’, आणि बंगालींतील ‘बेतार जगत्’. त्यांच्या अंकांतून कोणीं कोणत्या दिवशीं काय गाइलें हें आज सांगतां येतें. घरगुती व नगरांच्या केंद्रांस असा पाठीराखा नव्हता. त्यांचा इतिहास हस्तलिखित भाषणें, गायकांशीं झालेला पत्रव्यवहार, देणग्यांच्या पावत्या, नगरपालिकांचे ठराव, श्रोत्यांचे परवाने यांतच असावयाचा.

असले कागद अद्यापि घरोघर आहेत. परंतु ते जुने दिसत नाहींत म्हणून त्यांस कोणी हात लावीत नाहीं. मोडी लिपींतील एखादा फुटकळ हिशेब आपण शंभर कोसांवरून आणतों, आणि आजोबांच्या पेटींतील १९४० सालचा रेडिओचा परवाना रद्दींत घालतों. शंभर वर्षांनीं या दोहोंपैकीं कोणता कागद दुर्मिळ ठरेल याचा विचार संग्राहकांनीं करावा. महाराष्ट्रांतहि गायक, वादक, वक्ते व श्रोते यांच्या घरीं नभोवाणीच्या पहिल्या तीस वर्षांचें असें साहित्य असणारच. तें गोळा करणें, त्यावर तारीख-वार याद्या करणें व तें संस्थांच्या स्वाधीन करणें हें काम पोथ्यांच्या कामाइतकेंच इतिहासाचें आहे.

डॉ. गोपालस्वामींचें नशीब एका अर्थीं थोर कीं त्यांच्या केंद्राचें नांव तरी राहिलें, आणि त्या एका शब्दाच्या आधारानें आम्हांस त्यांच्या घरापर्यंत माग काढतां आला. ज्यांच्या केंद्रांचीं नांवेंहि उरलीं नाहींत अशा गांवोगांवच्या हौशी पुरुषांचा माग काढावयाचा झाल्यास कागदांवांचून गति नाहीं. ते कागद कोणाच्या संग्रहीं असल्यास त्यांनीं ते उजेडांत आणावे, एवढी विनंति करून हा लेख पुरा करतों.